पाण्याखालचे कान

श्रावणबाळाची कथा आपल्या घरोघरीं मुलें आजीच्या तोंडून ऐकत आलीं आहेत. शरयूच्या तीरावर काळोख्या रात्रीं तरुण दशरथ मृगयेसाठीं दबा धरून बसला होता. नदीच्या बाजूनें बुडबुड असा आवाज आला. हत्ती पाणी पीत असावा असें समजून त्यानें केवळ त्या आवाजाच्या अनुरोधानें बाण सोडला. बाण लागला; परंतु तेथें हत्ती नव्हता, अंध मातापितरांसाठीं घागर भरणारा एक मुलगा होता. शब्दवेधी विद्या दशरथाला पूर्ण अवगत होती. दिशा चुकली नाहीं, अंतरहि चुकलें नाहीं. चुकली ती ओळख. आज ज्या शास्त्राचा परिचय वाचकांस करून द्यावयाचा आहे, तें या कथेच्या फार जवळचें आहे. समुद्राच्या पोटांत दडलेल्या पाणबुडीला भोंवतालचें कांहीं दिसत नाहीं. तिला जें कळतें तें कानानें. आणि तिचा शोध घेणाऱ्या नौकेलाहि कानाचाच आधार असतो.

आमच्या पाचोडहून समुद्र शेंकडों मैल दूर. आमचा पाण्याशीं संबंध यावयाचा तो विहिरीशीं, किंवा फार तर पैठणास गोदास्नानाला गेल्यावर नाथसागराच्या विस्ताराशीं. तेव्हां या कोरडवाहू मुलखांतील एका निवृत्त शिक्षकानें पाणबुड्यांची चर्चा कां आरंभिली, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवनजीकच्या समुद्रांत 'खुकरी' ही आपली युद्धनौका बुडाली आणि तिच्याबरोबर १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले. ही नौका आपल्या मुंबईहूनच निघाली होती. ती कां बुडाली हें समजून घ्यावयाचें तर पाण्यांत ऐकण्याचें शास्त्र थोडें तरी समजलें पाहिजे. आणि ज्या घरांतील मुलगा उद्यां नौदलांत जाऊं शकेल, त्या घरानें तें समजून घेणें अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम ध्वनीचा विचार करूं. आपल्या नैयायिकांनीं शब्दाला आकाशाचा गुण मानलें आणि तो कानापर्यंत कसा पोहोंचतो हें सांगतांना वीचीतरंगन्यायाचा दाखला दिला. तळ्यांत खडा टाकला असतां जशी एक लाट दुसरीला जन्म देत कांठापर्यंत जाते, तसा एक शब्द दुसऱ्यास जन्म देत श्रोत्याच्या कानाशीं येतो. अर्वाचीन पदार्थविज्ञानानें आकाशाच्या जागीं वायु, जल, काष्ठ, धातु अशीं द्रव्यें घातलीं. लाटेची उपमा मात्र कायम राहिली. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. पाण्यांत तो किती जातो हें १८२६ मध्यें कोलाडाँ व स्टुर्म या दोघांनीं जिनीव्हाच्या सरोवरांत मोजलें. एका नावेवरून पाण्यांत बुडविलेली घंटा वाजवावयाची व त्याच क्षणीं दारूचा भडका उडवावयाचा. कित्येक मैलांवरच्या दुसऱ्या नावेंतील माणसानें भडका दिसल्यापासून, पाण्यांत सोडलेल्या नळींतून घंटानाद ऐकूं येईपर्यंतचा काळ मोजावयाचा. उत्तर आलें सेकंदास सुमारें १,४३५ मीटर. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत हा वेग स्थूलमानानें १,५०० मीटर धरतात. स्वच्छ समुद्रांतहि दोनशें मीटरखालीं सूर्यप्रकाश नांवापुरता उरतो, आणि रडारच्या लहरी तर पाण्यांत शिरतांच विरून जातात; ध्वनि मात्र तेथें मैलोगणती प्रवास करतो. पाण्याखालच्या युद्धांत कानाला जें महत्त्व आलें त्याचें कारण हें आहे.

परंतु मनुष्याचा कान पाण्यासाठीं घडलेला नाहीं. पोहतां येणाऱ्या मुलांनीं वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं विहिरींत एक प्रयोग करून पाहावा. एकानें पायरीवर बसून पाण्यांत दोन दगड एकमेकांवर आपटावे व दुसऱ्यानें बुडी मारून ऐकावें. आवाज अगदीं स्पष्ट ऐकूं येईल, पण तो कोणत्या बाजूनें आला हें सांगतां येणार नाहीं. जणूं तो आपल्या डोक्यांतच झाला. याचें कारण सोपें आहे. आपल्या दोन कानांमध्यें वीतभर अंतर असतें. उजवीकडचा आवाज डाव्या कानास हवेंत सेकंदाच्या सुमारें सतराशेंव्या भागाइतका उशिरां पोहोंचतो, आणि या सूक्ष्म भेदावरून बुद्धि दिशा ठरविते. पाण्यांत ध्वनीचा वेग चौपटीहून अधिक, त्यामुळें तोच भेद साडेसात हजाराव्या भागावर येतो व बुद्धीस उलगडा होत नाहीं. यावर उपाय एकच, तो म्हणजे कान एकमेकांपासून दूर बसविणें. म्हणून पाणबुडीचे कान तिच्या अंगावर वारावारानें नव्हे, तर हातांहातांच्या अंतरावर पसरलेले असतात.

या कृत्रिम कानास हायड्रोफोन म्हणतात. १८८० मध्यें प्येर व झाक या क्यूरी बंधूंनीं दाखवून दिलें कीं, गारेसारख्या कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां त्यांत अल्पशी विद्युत् उत्पन्न होते. ध्वनि म्हणजे दाबाचीच लहर. तेव्हां ती लहर स्फटिकावर आदळली कीं तिची विद्युत् होते, आणि ती विद्युत् तारेनें आंत नेऊन पुन्हां तिचा आवाज करतां येतो. पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांनीं ब्रिटनचा व्यापार जेरीस आणला, तेव्हां रदरफोर्डसारख्या परमाणूच्या अभ्यासकानेंहि आपली प्रयोगशाळा या कामीं लावली. आणि फ्रान्समध्यें पॉल लाँझव्हँ यानें स्फटिकाचा उपयोग पाण्यांत ध्वनि सोडण्यास व त्याचा प्रतिध्वनि टिपण्यास केला. त्या काळच्या लहान गस्ती नौकांस ऐकावयाचें झाल्यास आपलें इंजिन बंद करून पाण्यावर नुसतें तरंगत राहावें लागे, कारण इंजिन चालूं असलें कीं स्वतःच्या गडगडाटांत दुसरें कांहींच ऐकूं येत नसे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही विद्या बरीच पुढें गेली. जर्मन पाणबुड्यांच्या पुढील भागीं दोन्ही बाजूंस अनेक हायड्रोफोन ओळीनें बसविलेले असत. एका दिशेनें आलेला आवाज ओळींतल्या पहिल्या कानास आधीं व शेवटच्या कानास उशिरां पोहोंचतो. यंत्रांत अशी योजना असे कीं, आधीं आलेल्यास किंचित् थांबवून मागून येणाऱ्यांबरोबर त्याची गांठ घालावयाची. भजनांतले टाळकरी मागेंपुढें वाजवूं लागले तर नुसता गोंगाट होतो, एका तालांत आले कीं नाद भरतो, तसेंच हें. ऐकणारा माणूस चाक फिरवीत राही आणि ज्या ठिकाणीं नाद सर्वांत भरून येई, ती आवाजाची दिशा. अशी साधनें मोठ्या युद्धनौकांवरहि असत. २४ मे १९४१ च्या पहांटे 'प्रिन्स ऑयगेन' या जर्मन क्रूझरला ब्रिटिश युद्धनौका येत असल्याची चाहूल प्रथम लागली ती अशाच कानांनीं. डोळ्यांस त्या मागाहून दिसल्या.

दिशा कळली, पण अंतर कसें कळावें? मुकाट्यानें ऐकणाऱ्याची खरी अडचण येथें आहे. मध्यरात्रीं आपण गच्चीवर निजलों आहों आणि दूर रस्त्यानें घुंगुरमाळा घातलेल्या बैलांची गाडी चालली आहे, अशी कल्पना करा. आवाज कोणत्या अंगास आहे हें लगेच कळतें. तो झपाट्यानें एका अंगाकडून दुसरीकडे सरकला तर गाडी जवळची असावी, सावकाश सरकला तर दूरची. पण दूरची भरधांव गाडी आणि जवळची रेंगाळणारी गाडी यांची दिशा सारख्याच मंदगतीनें बदलूं शकते. हा संशय फेडावयाचा तर गच्चीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत आपण स्वतः चालावें व आपल्या चालण्यानें दिशेंत काय फरक पडतो तें पाहावें. पाणबुडी नेमकें हेंच करते. दर मिनिटास लक्ष्याची दिशा टिपावयाची, मग आपली वाट बदलून पुन्हां टिपावयाची, आणि या रेषांवरून लक्ष्याचें अंतर, वेग व मार्ग काढावयाचा. पूर्वीं हें काम पेन्सिल व पट्टी घेऊन कागदावर होई, आतां संगणक करतो. मुळांतील भूमिति मात्र आपल्या शाळेंतलीच आहे. आवाज वाढत असून दिशा मुळींच बदलत नसेल, तर समोरचा सरळ आपल्याच अंगावर येत आहे असें समजावें.

यानंतर श्रावणबाळाचा प्रश्न येतो, तो म्हणजे आवाज कोणाचा? नौकेच्या मळसूत्री पंख्याचे फटके मोजून तो किती फेरे घेतो हें सराईत कान सांगतो. जड मालवाहू नौकेचा फटका संथ, युद्धनौकेचा जलद. त्यांतून उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत कोळंबीच्या जातीचे लहान जीव आपल्या नांग्या मिटतांना अखंड तडतड आवाज करीत असतात, लाह्या फुटाव्या तसा. त्या गदारोळांतून पंख्याचा आवाज निवडून काढावा लागतो. परंतु नौकेची जात ओळखूं आली तरी तींत कोण बसलें आहे हें कोणताहि हायड्रोफोन सांगूं शकत नाहीं. नोव्हेंबर १९४२ मध्यें मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली 'तिलावा' ही आगबोट जपानी पाणबुडीनें अरबी समुद्रांत बुडविली, तेव्हां तिच्यावर साडेनऊशेंच्यावर माणसें होतीं. त्यांतलीं २८० मेलीं. त्यांत पोटापाण्यासाठीं परमुलखीं जाणारीं कुटुंबेंच्या कुटुंबें होतीं.

पाणबुडीचा शोध घेणाऱ्या नौकेपुढें दोन मार्ग असतात. एक, मुकाट्यानें ऐकणें. दुसरा, स्वतः पाण्यांत ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि येतो कीं काय हें पाहणें. त्यालाच पुढें सोनार हें नांव रूढ झालें. दुसऱ्या महायुद्धांत ही विद्या आपल्या खलाशांस शिकविण्यासाठीं मुंबईजवळ वेसावें येथें 'मच्छलीमार' या नांवाची शाळा होती. ११ फेब्रुवारी १९४४ रोजीं विशाखापट्टणजवळ एका जपानी पाणबुडीनें आपल्या ताफ्यावर हल्ला केला, तेव्हां 'जमना' या हिंदी नौकेनें दोन ऑस्ट्रेलियन नौकांच्या साह्यानें तिला शोधून बुडविलें. हांक मारून शोधण्याचा लाभ असा कीं, प्रतिध्वनि परत येण्यास लागलेल्या काळावरून अंतर तत्काळ कळतें. पण त्यांत एक मोठा दोष आहे. हांक मारणाऱ्यास उत्तर मिळावयाचें तर ध्वनीनें जाऊन परत यावें लागतें, आणि परत येईपर्यंत तो क्षीण होतो. ऐकणाऱ्यास मात्र एकच खेप पुरते. म्हणून शोधणाऱ्याला पाणबुडी सांपडण्यापूर्वींच पाणबुडीला शोधणारा कळलेला असतो. शिवाय समुद्राचें पाणीहि बहुधा पाणबुडीचाच पक्ष घेतें. उन्हानें वरचा थर तापतो, खालचा थंड राहतो. उष्ण पाण्यांत ध्वनीचा वेग अधिक व थंड पाण्यांत कमी. त्यामुळें ध्वनि सरळ न जातां थंड थराकडे, म्हणजे खालीं वांकतो आणि कांहीं अंतरापुढें एक छाया निर्माण होते. त्या छायेंत दडलेल्या पाणबुडीपर्यंत वरच्या नौकेची हांक पोहोंचत नाहीं. सकाळीं उत्तम चालणारें यंत्र दुपारीं कां बिघडतें, हें कोडें या थरांनींच उलगडलें.

आतां 'खुकरी'ची हकीकत सांगतों. 'खुकरी', 'किरपाण' व 'कुठार' या ब्रिटनमध्यें बांधलेल्या, पाणबुड्यांच्या शोधासाठींच योजिलेल्या तीन बहिणी नौका होत्या. ३ डिसेंबर १९७१ रोजीं युद्ध सुरू झालें. गुजरातच्या किनाऱ्याजवळ एक पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा तिच्या बिनतारी संदेशांवरून आपल्या नौदलास लागला. 'कुठार' बिघाडामुळें कामांत नव्हती. म्हणून 'खुकरी' व 'किरपाण' अशा दोघीच ८ डिसेंबरला मुंबईहून निघाल्या. प्रमुख होते कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. ती पाणबुडी म्हणजे फ्रान्समध्यें बांधलेली 'हंगोर'. तिचे कमांडर अहमद तस्नीम. तिचे कान नवे होते व दूरचें ऐकत होते. आपल्या नौकांचे सोनार जुन्या बनावटीचे, थोड्या पल्ल्याचे. हा भेद मुल्लांस ठाऊक नव्हता असें नाहीं. ठाऊक असूनहि ते गेले, कारण किनाऱ्यालगत शत्रूची पाणबुडी मोकळी सोडणें शक्य नव्हतें.

आणि येथें ती मघांची गोष्ट आठवावी. नौका जितकी वेगानें जाते तितकी ती आपल्याच आवाजानें बहिरी होते. 'खुकरी'वर सोनारचा पल्ला वाढविण्यासाठीं एका तरुण अधिकाऱ्यानें तयार केलेल्या साधनाचा प्रयोग चालला होता, आणि त्यासाठीं गति मंद ठेवणें अवश्य होतें. ऐकावयाचें तर हळू जावें लागतें. आणि पाणबुडीच्या टापूंत हळू व ठराविक मार्गानें जाणारी नौका म्हणजे सोपें लक्ष्य. वेग वाढवावा तर शत्रु ऐकूं येत नाहीं, न वाढवावा तर शत्रूस नेम साधतो. 'हंगोर'नें ९ तारखेच्या पहांटेच या दोन नौकांची चाहूल घेतली होती. दिवसभर त्यांचा माग काढून, त्यांच्या फेऱ्यांचा क्रम ध्यानीं घेऊन, सायंकाळीं ती त्यांच्या वाटेवर खोल पाण्यांत जाऊन थांबली. शेवटचा नेम तिनें डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं घेतला. तिनें सोडलेले टॉर्पेडोहि ध्वनीचा माग काढीत जाणारे, म्हणजे खरे शब्दवेधी बाण. पहिला 'किरपाण'वर सोडला. तो तिच्या खालून न फुटतां निघून गेला. दुसरा 'खुकरी'स लागला. रात्रीचे पावणेनऊ झाले होते. अवघ्या कांहीं मिनिटांत नौका तळास गेली. कॅप्टन मुल्लांनीं आपलें तरंगजाकीट एका खलाशास दिलें व ते नौकेबरोबर राहिले. दुसऱ्या दिवशीं 'कच्छल' या नौकेनें ६ अधिकारी व ६१ खलाशी पाण्यांतून वर काढले. मुल्लांस मरणोत्तर महावीरचक्र देण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनें युद्धनौका बुडविल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

या हानीचा दोष कोणा एकाच्या माथीं मारणें सोपें आहे. तसें करण्यानें कांहीं साधत नाहीं. विचार करण्यासारखी गोष्ट निराळी आहे. दुसऱ्याकडून विकत आणलेल्या कानाची मर्यादा, विकणारा जेवढी ठेवील तेवढीच राहते. हें ज्यांनीं ओळखलें त्यांत आरोग्यस्वामी पॉलराज हे एक होते. हे मूळचे तमिळ. पण त्यांचें शिक्षण आपल्या मुलखांत झालें. पंधराव्या वर्षीं ते खडकवासल्याच्या प्रबोधिनींत दाखल झाले व पुढें लोणावळ्याच्या नौदल महाविद्यालयांत अभियांत्रिकी शिकले. 'खुकरी' बुडाल्यावर त्याच जातीच्या सोनारची सुधारणा करण्याचें काम त्यांच्याकडे आलें व तें त्यांनीं तडीस नेलें. नंतर कोचीनच्या प्रयोगशाळेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं 'अप्सोह' हा संपूर्ण देशी सोनार १९८३ च्या सुमारास सिद्ध झाला. पुढें ते अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले व तेथें अनेक अँटेनांच्या साह्यानें एकाच लहरीवर अनेक संदेश एकदम धाडण्याची युक्ति त्यांनीं मांडली. आज आपल्या घरांतील सुनामुलांच्या हातीं जो भ्रमणध्वनि असतो, त्यांत ही युक्ति वापरलेली असते. ओळीनें मांडलेल्या हायड्रोफोनांकडून दिशा विचारणें आणि ओळीनें मांडलेल्या अँटेनांकडून संदेश निवडून घेणें, यांचें गणित एकाच कुळांतलें आहे. २०१० मध्यें सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें.

पाणबुड्या बांधण्याची विद्याहि आतां मुंबईच्या गोदींत रुजली आहे. माझगांव येथें बांधलेली 'शाल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजीं नौदलांत दाखल झाली. भारतांत बांधलेली ती पहिली पाणबुडी. तेथेंच फ्रेंच आराखड्यावर 'कलवरी' जातीच्या सहा पाणबुड्या झाल्या. त्यांतली पहिली डिसेंबर २०१७ मध्यें व सहावी, 'वागशीर', जानेवारी २०२५ मध्यें नौदलांत आली. या नौकांच्या रचनेंत सर्वांत अधिक श्रम कशावर पडले असतील तर ते त्यांचा आवाज कमी करण्यावर. इंजिनें रबराच्या बैठकींवर ठेवावयाचीं, पंख्याची घडण अशी करावयाची कीं पाण्यांत बुडबुडे उठूं नयेत, आणि आंतील माणसांनीं भांडेंहि सांभाळून ठेवावयाचें. ज्या घरांत बारा माणसें एकत्र नांदतात, त्या घरांतील गृहिणींस यांतील अवघडपणा सांगावयास नको.

दीव येथें समुद्राकाठच्या एका टेकडीवर 'खुकरी'चें स्मारक आहे. कांचेच्या पेटींत त्या नौकेची लहानशी प्रतिकृति ठेवलेली आहे आणि समोर तोच समुद्र पसरलेला आहे. सोमनाथ-गिरनारच्या यात्रेस आपल्याकडील पुष्कळ मंडळी जातात. दीव तेथून फार दूर नाहीं. यात्रेंत एक दिवस काढून मुलांना तेथें न्यावें. प्रतिकृति पाहून मुलें बहुधा तोफा किती होत्या असें विचारतील. त्यांना तोफांचें सांगावेंच. पण नौकेला ऐकूं किती येत होतें आणि ती त्या रात्रीं हळू कां चालली होती, हेंहि अवश्य सांगावें.